पोकळी, पाण्यावाचून

आधी आमच्या लॅबमधली पोकळी नळाला यायची.
तोटीला पितळी जेट लावायचा, तोटी पुरी सोडायची,
धावतं पाणी बाजूच्या नळीतली हवा
सोबत घेऊन जायचं, थेट गटारात.
एक गाळण उरकेपर्यंत दोन पिंपं.
कुणी मोजत नव्हतं.

मग लातुरात तो उन्हाळा आला.
कॉलेजच्या टाकीत शिडी सोडून मी तळाला उतरलो,
पायाला गाळसुद्धा लागला नाही.
बिराजदार मॅडमनी जेट काढून माझ्या हातात दिला,
वाघंबर, हे आता कपाटात ठेवा.

दिवाळीनंतर खोकं आलं.
दोन डोक्यांचा पंप. तेल नको, पाणी नको,
टेबलाखाली सुतारपक्षी बांधून ठेवल्यासारखी
नुसती टकटक.

अकरा वर्षं चालला.
परवा काटा खाली जाईना.
वर फ्लास्क फिरतोय, आत निंबोळीचा अर्क,
स्पिरिट काही उकळायचं नाव घेईना.
उदगीरच्या रोडवरून गयास चाऊसला बोलावलं.
तो बोअरच्या मोटारी बांधतो,
दवाखान्यातलं कफ काढायचं मशीन बिघडलं
की तेही त्याच्याच पुढ्यात येतं.

चार स्क्रू. टोपण उचललं.
आत काळा पडदा, पुरीएवढा,
कडेनं आवळलेला, मधोमध दांड्याला धरलेला.
कशावर घासत नाही, म्हणून तेल मागत नाही.
गयासनं अंगठ्यानं तो खाली दाबला.
"ये खींचता नै भाऊ. सिर्फ जगह करता."

मी बघत राहिलो.
इतकी वर्षं मला वाटायचं, हा हवा ओढतो.

पडदा खाली बसतो, वर जागा होते.
जागा बघून फ्लास्कातली हवा
आपल्या पायानं येते.
एक झडप तिला आत घेते.
पडदा उठतो, ती झडप मिटते, दुसरी उघडते,
चला पुढच्या खोलीत.
तिथंही तेच, मग बाहेर.
सेकंदाला पंचवीस वेळा
या, बसा, उठा, निघा.

घिसाड्याचा भाता, मी म्हणालो.
"वोइच. भाता बाहर फेकता उसपे जीता,
ये अंदर लेता उसपे."

झडप म्हणजे आठ आण्याच्या नाण्याएवढी चकती.
तिच्या कडेला निंबोळीचा तपकिरी कण,
मोहरीहून बारीक.
तेवढ्यानं ती पुरती मिटत नव्हती,
आणि निघालेली हवा
चष्मा विसरलेल्या पाहुण्यासारखी
पुन्हा पुन्हा घरात यायची.

कापसाचा बोळा, थोडं स्पिरिट. चकती उलटी करून बसवली.
बटण दाबलं. काटा उतरला,
शंभर, चाळीस, वीस,
आठावर थांबला.
शून्यावर का नाही?

गयासनं पुन्हा बंद केला, टोपण काढलं,
पडदा वरपर्यंत उचलून दाखवला.
टोपण बसल्यावरही मध्ये कागद जाईल एवढी फट राहते,
झडपेखाली एक खळगा राहतो.
तिथली हवा कधीच बाहेर जात नाही.
पडदा बसला की तीच पुन्हा पसरते,
खोली भरल्यासारखी करते.
"मिटाव तो पडदा ठोकर खाके फटता.
उतनी रैनाइच."

साडेतीनशे रुपये घेतले. चहा घेतला नाही, रोजा होता.

फ्लास्क पुन्हा फिरायला लागला.
बोट बुडवावं इतक्या कोमट पाण्यावर
स्पिरिट खळखळून उकळलं.
खिडकीबाहेरचा पत्रा त्याहून तापला होता.

वायसर शोधायला कपाट उघडलं
तर तो जेट, हिरवा पडलेला.
उगीच तोंडाला लावून फुंकला,
बाजूच्या भोकावर बोट ठेवलं.
बोटाची कातडी आत ओढली गेली,
असं वहीत लिहिलं,
मग खोडलं.
बाहेरच्या हवेनं
तिला आत ढकललं.